कार्ड आत आहे, तरी थ्रीडी ‘उपलब्ध नाही’: जुन्या डेस्कटॉपवर ग्राफिक्सच्या बंद सोयी परत आणताना

भाच्याची हाक आली तेव्हा मी दुसऱ्या खोलीत होते. “मावशी, हा म्हणतोय थ्रीडी ॲक्सिलरेटर सापडत नाही. पण कार्ड तर आहे ना आत?”

कार्ड होतं. जीफोर्स एफएक्स ५२००, १२८ एमबी, पेंटियम ४ च्या बोर्डावर एजीपी स्लॉटमध्ये, म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठीच्या जुन्या धाटणीच्या खाचेत, बसवलेलं. पडद्यावर रंग नीट, रिझोल्यूशन नीट, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचं नावसुद्धा नीट. तरी गेम सुरू व्हायच्या आधीच हात वर करत होता. डायरेक्टएक्स म्हणजे गेम आणि कार्ड यांच्यामधला विंडोजचा दुवा. त्याची तपासणी उघडली तर तळाशी तीन ओळी आणि तिन्हींपुढे एकच उत्तर: नॉट अव्हेलेबल. शेजारची बटणं फिकी, म्हणजे दाबून बघायचीही सोय नाही.

त्यानंतरच्या दोन संध्याकाळी मी जे काही केलं, त्यातलं निम्मं उलट्या क्रमाने केलं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवायला शिकवणारं सॉफ्टवेअर, चार वेळा काढला आणि चार वेळा टाकला. दोष त्यात नव्हताच. दोष दोन होते, वेगवेगळ्या ठिकाणी, आणि दोन्ही माझ्याच हातून आधीच्या वर्षी झालेले. म्हणून खाली लिहिलेला क्रम मी केला तो नाही; करायला हवा होता तो आहे.

आज्ञा आणि मेनूंची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतेय. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.

‘नाही’ म्हणण्याचे तीन प्रकार

स्टार्ट, रन, आणि डीएक्सडायग, म्हणजे डी-एक्स-डी-आय-ए-जी. विंडोज एक्सपीवर उघडणाऱ्या खिडकीत डिस्प्ले नावाच्या टॅबवर जा. खालच्या अर्ध्या भागात तीन ओळी दिसतील: डायरेक्टड्रॉ ॲक्सिलरेशन, डायरेक्टथ्रीडी ॲक्सिलरेशन आणि एजीपी टेक्स्चर ॲक्सिलरेशन. ॲक्सिलरेशन म्हणजे ते काम प्रोसेसरऐवजी कार्डाने करणं. पहिली सपाट चित्रांची, दुसरी थ्रीडीची. तिसरीबद्दल पुढे सविस्तर, कारण माझी खरी रात्र तिथेच गेली.

या ओळींपुढे काय लिहिलंय ते घाईत वाचू नका. ‘डिसेबल्ड’ लिहिलं असेल आणि शेजारी ‘एनेबल’ बटण जिवंत असेल, तर कोणीतरी ते बंद केलंय. दाबा, चालू होईल, विषय संपला. ‘नॉट अव्हेलेबल’ असेल आणि बटण फिकं असेल, तर गोष्ट वेगळी: विंडोजने खाली विचारलं आणि खालून होकार आला नाही. ते खालचं कोण, हे शोधायचं. तिसरा प्रकार असा की ती सोय त्या कार्डात कधी नव्हतीच. अशा वेळी कितीही ड्रायव्हर बदला, काही उगवणार नाही. हे तीन प्रकार वेगळे न केल्यामुळेच लोक आठवडा घालवतात. मी दोन दिवसांत सुटले.

विंडोज व्हिस्टापासून ही चालू-बंदची बटणं डीएक्सडायगमधून काढून टाकली आहेत. ओळी दिसतात, पण त्या फक्त वाचायच्या. ‘बटण कुठे गेलं’ म्हणून शोधत बसू नका.

काहीही हलवण्याआधी याच खिडकीतल्या ‘सेव्ह ऑल इन्फर्मेशन’वर क्लिक करून सगळा अहवाल एका टेक्स्ट फाइलमध्ये साठवा आणि नावात तारीख घाला. दुरुस्ती झाल्यावर पुन्हा एक काढा. दोन फायली शेजारी ठेवल्या की नेमकं काय बदललं ते कळतं, नाहीतर ‘मघाशी काय होतं बरं?’ यातच वेळ जातो.

आणि हो, मॉनिटरची वायर बघा. हसू नका. कार्ड बसवलेलं असताना वायर मदरबोर्डाच्या पोर्टला लावलेली मी स्वतः कितीदा पाहिली आहे. मागच्या बाजूला कीबोर्ड-माउसच्या जवळचं उभ्या पट्टीतलं पोर्ट बोर्डाचं. खाली आडव्या पट्ट्यांपैकी एकीवर असतं ते कार्डाचं. वायर चुकीच्या जागी असेल, तर तुम्ही तपासताय ते ऑनबोर्ड ग्राफिक्स. कार्ड बिचारं नुसतंच पंखा फिरवत बसलंय.

दूरून, रिमोट डेस्कटॉपने त्या मशीनवर गेला असाल तर तेही निदान खोटं. अशा सेशनमध्ये एक्सपी कार्डाच्या सोयी दाखवतच नाही. मशीनसमोर बसूनच तपासा.

सरकपट्टी

माझा पहिला दोष इथे होता. डेस्कटॉपवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, आणि तिथे ट्रबलशूट नावाचा टॅब. त्यात ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ची आडवी सरकपट्टी असते, डावीकडे नन, उजवीकडे फुल, एकूण सहा खुणा. पट्टी सरकवली की खालचं वाक्य बदलतं. ते वाक्य वाचायचं असतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

फुलपासून एक खूण डावीकडे आलात, तर फक्त माउसचा बाण आणि बिटमॅप यांचं ॲक्सिलरेशन बंद होतं. दुसऱ्या खुणेवर चित्र काढण्याच्या प्रगत सोयी जातात. तिसऱ्या खुणेवर डायरेक्टड्रॉ आणि डायरेक्टथ्रीडी दोन्ही जातात. चौथी-पाचवी म्हणजे जवळपास काहीच उरत नाही.

आता माझी करामत. आधीच्या वर्षी या मशीनवर जुना स्कॅनर जोडला होता, आणि त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये माउसचा बाण मागे स्वतःचे तुकडे सोडत जात होता. उपाय म्हणून मी ही पट्टी डावीकडे ओढली. बाणासाठी एक खूण पुरली असती. मी तीन ओढल्या, बाण सुधारला, मी खूश. थ्रीडी गेलं ते कळलंच नाही, कारण त्या मशीनवर तोवर कोणी गेम खेळत नव्हतं.

पट्टी परत फुलवर नेली, ओके केलं, आणि डीएक्सडायग बंद करून पुन्हा उघडलं. बंद करून उघडायला विसरू नका, उघडी खिडकी जुनंच दाखवत राहते. पहिल्या दोन ओळी चालू झाल्या होत्या. ‘टेस्ट डायरेक्टथ्रीडी’ दाबलं की पडद्यावर एक घन गोल फिरतो, आधी डायरेक्टएक्स ७ च्या पद्धतीने, मग ८, मग ९. तिन्ही घन फिरले. भाचा म्हणाला, “झालं?” मी म्हटलं, “झालं.” झालं नव्हतं. गेम सुरू झाला, पण मोठ्या मैदानाचं दृश्य आलं की गोगलगाय.

विंडोज ७ मध्येही ही पट्टी आहे: स्क्रीन रिझोल्यूशन, ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, ट्रबलशूट, चेंज सेटिंग्ज. मात्र बहुतेक ड्रायव्हरांबरोबर ते बटण फिकंच असतं. तो बिघाड नव्हे, ड्रायव्हर ती पट्टी मानतच नाही एवढंच. आणि विंडोज सर्व्हर २००३ डेस्कटॉपसारखी वापरणारं कोणी असेल, तर तिथे ॲक्सिलरेशन मुळातच कमी ठेवलेलं येतं. आधी पट्टी बघा.

डिव्हाइस मॅनेजरमधलं नाव आणि आकडा

डिस्प्ले ॲडॉप्टर्सखाली काय नाव आहे? विंडोज ७ मध्ये ‘स्टँडर्ड व्हीजीए ग्राफिक्स ॲडॉप्टर’ किंवा ८ आणि १० मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर’ दिसत असेल, तर कार्डाचा ड्रायव्हर चालूच नाही. विंडोज आपल्या कामचलाऊ ड्रायव्हरने पडदा रंगवतेय. त्याला थ्रीडी, व्हिडिओ डिकोडिंग, यातलं काही जमत नाही. विंडोज ७ च्या खिडक्यांची पारदर्शक काच, म्हणजे एअरो, तीही अशाने जाते.

कार्डाचं नाव बरोबर असेल पण पिवळी खूण असेल, तर डबल क्लिक करून कोड वाचा. २२ म्हणजे कोणीतरी डिसेबल केलंय. राइट क्लिक करून एनेबल. २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. १२ म्हणजे कार्डाला हवी ती जागा किंवा इंटरप्ट मिळत नाहीत. याचं उत्तर बहुधा बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये, सापडतं. ४३ म्हणजे कार्डानेच अडचण कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलं. ४३ मध्ये आधी ड्रायव्हर साफ काढून बघायचा, आणि तोच कोड परत आला तर कॅबिनेट उघडायची तयारी ठेवायची.

‘अननोन डिव्हाइस’ दिसत असेल आणि कार्ड कोणतं हेच माहीत नसेल, तर प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज. तिथे व्हीईएन या अक्षरांपुढचे चार अंक-अक्षरं कंपनी सांगतात: १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एटीआय किंवा एएमडी, ८०८६ म्हणजे इंटेल. ८०८६ हा आकडा बघून जुन्या लोकांना हसू येईल. इंटेलने आपल्या जुन्या प्रोसेसरचा नंबर ओळखपत्रावर घालून घेतलाय.

जुना ड्रायव्हर काढायचा तर नुसतं अनइन्स्टॉल पुरेल असं नाही, विशेषतः आधी एका कंपनीचं कार्ड होतं आणि आता दुसऱ्या कंपनीचं असेल तर. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचं छोटं मोफत साधन सेफ मोडमध्ये चालवा. विंडोज १० वर हे करताना इंटरनेटची वायर काढून ठेवा, नाहीतर तुम्ही इकडे साफसफाई करेपर्यंत विंडोज अपडेट तिकडून आपल्या पसंतीचा ड्रायव्हर टाकून मोकळं होतं.

कोणता ड्रायव्हर? सगळ्यात नवा नाही. तुमच्या कार्डाला चालणारा शेवटचा. जुन्या कार्डांचा पाठिंबा कंपन्या एकेक पिढी करून काढून घेतात. माझ्या दुसऱ्या मशीनवर विंडोज १० आणि जीफोर्स ९५०० जीटी आहे. त्या पिढीसाठी एनव्हिडियाचा शेवटचा ड्रायव्हर ३४२.०१, डिसेंबर २०१६ चा. फर्मी पिढी, म्हणजे जीफोर्स ४०० आणि ५०० मालिकेतली बहुतेक कार्डं, २०१८ च्या ३९१ मालिकेवर थांबली. एएमडीने रेडिऑन एचडी ५००० आणि ६००० ही कार्डं २०१५ च्या अखेरीस जुन्यांच्या यादीत टाकली. नवा ड्रायव्हर टाकायला गेलात की ‘सुसंगत हार्डवेअर सापडलं नाही’ म्हणून तो परत पाठवतो, आणि लोकांना वाटतं कार्ड गेलं. कार्ड शाबूत असतं, दार चुकलेलं असतं. ड्रायव्हर घ्या तो कार्डावरची चिप बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या साठ्यातूनच. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’ म्हणणाऱ्या प्रोग्रॅमांना मी मशीनच्या आसपास फिरकू देत नाही.

एक्सपीच्या मशीनला मी इंटरनेट लावतच नाही. त्या विंडोजचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ ला संपला. फायली दुसऱ्या मशीनवर उतरवायच्या आणि पेन ड्राइव्हने आणायच्या.

चिपसेट आधी

आता ती तिसरी ओळ, एजीपी टेक्स्चर ॲक्सिलरेशन. पट्टी फुलवर, ड्रायव्हर ताजा, घन फिरतोय, आणि ही ओळ मात्र ढिम्म: नॉट अव्हेलेबल. हीच गोगलगाय.

ही सोय करते काय ते समजलं की दोष कुठे शोधायचा ते आपोआप कळतं. टेक्स्चर म्हणजे भिंतींवर, झाडांवर, जमिनीवर चिकटवायची चित्रं. कार्डावरची मेमरी कमी पडली की ही चित्रं मशीनच्या मुख्य रॅममध्ये ठेवायची आणि कार्डाने ती तिथूनच थेट वाचायची, ही एजीपीची खरी कमाई. पण मुख्य रॅममध्ये सलग मोठी जागा क्वचितच मिळते. ती ४ केबीच्या तुकड्यांत इथे-तिथे विखुरलेली असते. हे तुकडे कार्डाला एकसलग भासावेत म्हणून पत्त्यांचा एक तक्ता असतो, त्याला गार्ट म्हणतात. आणि हा तक्ता कार्डात नसतो. तो मदरबोर्डाच्या चिपसेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि स्लॉट यांना जोडणाऱ्या चिपांमध्ये, असतो.

म्हणजे मी चार वेळा ज्याचा ड्रायव्हर बदलला त्याच्या हातात ही गोष्ट नव्हतीच. विंडोजला चिपसेटचीच ओळख नव्हती. कारण माझा दुसरा प्रताप: मशीनवर एक्सपी नव्याने टाकताना मी २००१ ची मूळ सीडी वापरली, कोणताही सर्व्हिस पॅक, म्हणजे नंतरच्या सुधारणांचा संच, नसलेली. बोर्ड २००४ चा. तीन वर्षांनी जन्मलेल्या चिपसेटला ती सीडी कुठून ओळखणार? तिने त्याला ‘पीसीआय स्टँडर्ड’ असं घाऊक नाव देऊन टाकलं आणि एजीपी स्लॉटला साधा पीसीआय समजून चालवलं. चित्र दिसत होतं म्हणून मीही पुढे गेले.

हे डोळ्यांनी बघता येतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूतून ‘डिव्हाइसेस बाय कनेक्शन’ निवडा. आता यादी प्रकारानुसार न दिसता, कोण कोणाला जोडलंय अशी झाडासारखी दिसते. फांद्या उघडत कार्डापर्यंत जा आणि कार्ड कोणत्या फांदीला लटकलंय ते वाचा. माझ्याकडे तिथे ‘पीसीआय स्टँडर्ड पीसीआय-टू-पीसीआय ब्रिज’ असं होतं. चिपसेटचा ड्रायव्हर टाकून मशीन पुन्हा सुरू केल्यावर तीच फांदी ‘व्हीआयए सीपीयू टू एजीपी कंट्रोलर’ झाली. ‘एजीपी’ ही तीन अक्षरं त्या ओळीत दिसली तेव्हा मी टेबलावर हात आपटला. भाचा दचकला.

व्हीआयएच्या चिपसेटसाठी ‘फोर-इन-वन’ नावाचा संच असे, पुढे त्याचंच नाव हायपेरियन झालं. इंटेलसाठी ‘चिपसेट आयएनएफ युटिलिटी’. सिसच्या चिपसेटला स्वतःचा वेगळा गार्ट ड्रायव्हर लागतो. एनव्हिडियाच्या एनफोर्स बोर्डांचा संच वेगळा. चिपसेट कोणाचा ते मघाचाच हार्डवेअर आयडी सांगतो. व्हीआयएचा आकडा ११०६, सिसचा १०३९.

क्रम असा ठेवा: विंडोज, तिचा सर्व्हिस पॅक, चिपसेट, मग डायरेक्टएक्स, आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर शेवटी. चिपसेट नंतर टाकला असेल, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाका. मला ते करावं लागलं, पाचव्यांदा, आणि या वेळी कारण होतं.

डायरेक्टएक्सबद्दल एकच. एखादा गेम ‘डी३डीएक्स९’ने सुरू होणारी अमुक फाइल सापडत नाही म्हणाला, तर त्याचा कार्डाशी संबंध नाही. मायक्रोसॉफ्टचा जून २०१० चा डायरेक्टएक्स संच टाकला की त्या फायली येतात. एकेक फाइल कुठूनतरी उतरवून सिस्टीम फोल्डरमध्ये टाकू नका.

बायॉस आणि एक गोल सेल

मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२. नावं बोर्डागणिक बदलतात, पण शोधायचं ते असं. ‘इनिट डिस्प्ले फर्स्ट’ किंवा ‘प्रायमरी ग्राफिक्स ॲडॉप्टर’ याच्यापुढे तुमचा स्लॉट हवा: एजीपी कार्डाला एजीपी, पीसीआय एक्सप्रेसला पीईजी किंवा पीसीआयई. ‘एजीपी ॲपर्चर साइझ’ म्हणजे मघाच्या तक्त्यातून रॅमचा किती पट्टा दिसू द्यायचा ते. ६४ किंवा १२८ एमबी ठेवा. ४ किंवा ८ ठेवलंत तर टेक्स्चरला जागाच उरत नाही. मोठा आकडा ठेवल्याने रॅम अडकून पडत नाही, ती लागेल तेवढीच वापरली जाते.

हे सगळं नीट लावलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मूळपदावर आलं, तर बोर्डावरचा सेल संपलाय. सीआर२०३२, २० मिलिमीटर व्यासाचा, ३ व्होल्टचा. ओळखायची खूण सोपी: विंडोजचं घड्याळ दर वेळी काही वर्षं मागे, आणि सुरुवातीला ‘सीमॉस चेकसम एरर’. वर्षभर बंद पडलेल्या मशीनचा सेल मी विचार न करता बदलते.

रजिस्ट्रीतले दोन आकडे

हे क्वचित लागतं. पट्टी फुलवर, ड्रायव्हर बरोबर, चिपसेट बरोबर, तरी पहिल्या दोन ओळी बंद असतील तरच. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदींची वही. ती उघडणारं रेजएडिट सुरू करा, आधी एक्स्पोर्ट करून प्रत ठेवा. एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, डायरेक्टड्रॉ: इथे ‘इम्युलेशनओन्ली’ नावाची नोंद १ असेल तर ० करा. शेजारच्याच डायरेक्टथ्रीडी फोल्डरमधल्या ड्रायव्हर्समध्ये ‘सॉफ्टवेअरओन्ली’ १ असेल तर तीही ०. नोंदच नसेल तर तयार करू नका. ६४ बिट विंडोजवर हीच जोडी वॉव६४३२नोडच्या खालीही बघावी लागते.

कॅबिनेट उघडल्यावर

वायर भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, मगच कार्डाला.

कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण बसलंय का, हे वरून बघून कळत नाही. डोळे स्लॉटच्या पातळीला आणा आणि बॅटरी मारा. सोनेरी पट्टीची कड दोन्ही टोकांना सारखीच दिसायला हवी. होतं काय, की आपण कार्ड नीट दाबतो, मग मागच्या पत्र्याचा स्क्रू आवळतो, आणि आवळताना पत्रा खाली ओढला जाऊन कार्डाची शेपटी मिलिमीटरभर वर उचलली जाते. पडदा चालू होतो, कारण बरेचसे संपर्क लागलेले असतात. थ्रीडीचा भार आला की मशीन गोठतं. स्क्रू सैल करा, शेपटीकडून दाबा, बोटाने दाबून ठेवूनच स्क्रू आवळा. शेपटीकडे एक छोटी प्लॅस्टिकची खिट्टी असते. कार्ड काढताना आधी ती सोडवा. मी एक मोडलीय, न बघता ओढल्यामुळे.

सोनेरी पट्टीवर काळपट थर असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं फडकं. खोडरबरानेही काम होतं, पण हलक्या हाताने, आणि त्याचा भुगा स्लॉटजवळ झटकायचा नाही.

कपॅसिटर बघा, ती उभी नळकांडी. माथा सपाट हवा. फुगलेला असेल किंवा तपकिरी चिकट डाग असेल, तर तो बदलल्याशिवाय बाकी उपाय व्यर्थ. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांवर आणि कार्डांवर हा रोग भरपूर दिसतो.

कार्डाला वेगळी वीज लागते का तेही बघा. पीसीआय एक्सप्रेसचा १६ रुंदीचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॉट देतो, सहा पिनांची वायर आणखी ७५. काही एजीपी कार्डांना हार्डडिस्कसारखी चार पिनांची वायर लागते. ती जोडली नसेल तर एनव्हिडियाची काही कार्डं पडद्यावर सांगतात की वीज अपुरी आहे म्हणून वेग कमी केलाय. तो संदेश वाचून बंद करणारे लोक मग ड्रायव्हर शोधत हिंडतात.

मेलेलं कार्ड ओव्हनमध्ये भाजून जिवंत करायची टूम तुम्ही ऐकली असेल. चाललंच तर थोडे दिवस चालतं, आणि त्या ओव्हनमध्ये पुन्हा काही खाण्याचं ठेवायची माझी तयारी नाही.

मुळात नव्हतंच, ते

विंडोज १० वर डीएक्सडायग उघडल्या उघडल्या ‘डायरेक्टएक्स व्हर्जन: १२’ दिसतं. ते विंडोजचं, तुमच्या कार्डाचं नव्हे. कार्डाची खरी पत डिस्प्ले टॅबवर ‘फीचर लेव्हल्स’ या ओळीत असते. माझ्या ९५०० जीटीच्या ओळीत सगळ्यात मोठा आकडा १०_० आहे. ११_० मागणारा गेम तिथे सुरू होणार नाही, आणि त्यावर दुरुस्ती नाही. रेडिऑन एचडी ४००० मालिका १०_१ वर थांबते, ५००० पासून ११_० मिळतं. जीपीयू-झी नावाचं मोफत साधन हेच जास्त तपशिलात दाखवतं, शिवाय कार्ड स्लॉटमध्ये किती लेनवर, म्हणजे डेटाच्या किती वाटांवर, चाललंय तेही.

ब्राउझरमध्ये व्हिडिओ अडकतोय अशी तक्रार असेल, तर क्रोमच्या ॲड्रेस पट्टीत क्रोम, अपूर्णविराम, दोन तिरक्या रेघा आणि जीपीयू असं लिहा. पानाच्या वरच्या भागात कोणती सोय हार्डवेअरवर चाललीय आणि कोणती नुसत्या सॉफ्टवेअरवर, ते ओळीने येतं. सेटिंग्जमधलं ग्राफिक्स ॲक्सिलरेशन चालू असूनही तिथे सॉफ्टवेअर दिसलं, तर क्रोमने तुमचा जुना ड्रायव्हर त्याच्या काळ्या यादीत टाकलेला असू शकतो. ती यादी डावलायचा एक स्विच फ्लॅग्जच्या पानावर आहे. मी तो लावून पाहिला. दोन दिवसांत पानांवर काळे चौकोन दिसू लागले, काढून टाकला. यादी उगाच नसते. फायरफॉक्समध्ये हेच अबाउट सपोर्टच्या पानावर ग्राफिक्सच्या भागात, कंपोझिटिंगपुढे वेबरेंडर की सॉफ्टवेअर वेबरेंडर ते बघायचं. आणि सगळं चालू असूनही व्हिडिओ अडकत असेल, तर तो बहुधा व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या व्हिडिओ पद्धतींमध्ये आहे. ते उलगडण्याची सोयच या कार्डांत नाही.

लिनक्सवर ‘जीएलएक्सइन्फो’च्या उत्तरात एलएलव्हीएमपाइप दिसलं, तर थ्रीडीचं सगळं ओझं प्रोसेसर वाहतोय. इन्स्टॉल करताना काळा पडदा टाळायला घातलेलं ‘नोमोडसेट’ बूटच्या ओळीत राहून गेलंय का ते आधी बघा.

माझ्या पेंटियम ४ कडे परत येते. तिसरी ओळ चालू झाल्यावर गेम धावला, आणि वीस मिनिटांनी पडदा गोठला. आता कार्ड खरोखर ८एक्सवर, म्हणजे एजीपीच्या सगळ्यात जास्त वेगावर, चाललं होतं आणि ते त्या बोर्डाला झेपत नव्हतं. बायॉसमध्ये जाऊन आधी फास्ट राइट, म्हणजे प्रोसेसरने रॅम टाळून थेट कार्डाला लिहिण्याची सोय, बंद केलं. चाळीस मिनिटांनी पुन्हा गोठला. मग ८एक्सचं ४एक्स केलं. कागदावर वेग निम्मा होतो, २१३३ चा १०६६ एमबी प्रतिसेकंद. एफएक्स ५२०० सारख्या कार्डाला तो तेवढाही वापरता येत नाही, त्यामुळे खेळताना फरक जाणवला नाही. त्या रात्री भाच्याने तीन तास खेळून दाखवलं. सकाळी मी स्कॅनर जोडला, आणि माउसचा बाण पुन्हा तुकडे सोडायला लागला. सरकपट्टी उघडली, खालचं वाक्य वाचलं, आणि एकच खूण डावीकडे नेली.